मॅडोना नव्हे, मला खटकतं ते दुसरंच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रॉक संगीतावर लिहितो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: संगीतकारांचा सन्मान करणाऱ्या, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये मॅडोना, ॲबा आणि रॅपवाल्यांना घेतलंच कसं? हे कुठलं रॉक?

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. मॅडोना २००८ मध्ये आली, ॲबा २०१० मध्ये, आणि मला त्याचा काडीचाही त्रास झाला नाही. १९८६ च्या पहिल्याच तुकडीत एल्व्हिस आणि चक बेरीच्या जोडीला रे चार्ल्स आणि सॅम कुक होते. म्हणजे सोवळंओवळं पहिल्या दिवसापासूनच नव्हतं. मला खटकतं ते वेगळंच. कोणाला किती उशिरा घेतलं आणि कुठल्या दाराने घेतलं, ते बघा.

‘हाउंड डॉग’ (शिकारी कुत्रा) हे गाणं घ्या. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या कोवळ्या पोरांनी ते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेसाठी लिहिलं. तिचं रेकॉर्डिंग १९५२ चं. १९५३ मध्ये ते बाजारात आलं आणि रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय संगीताच्या खपाच्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. तिच्या तोंडी ते एका ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं आहे. चाल संथ, आवाजात गुरगुर, मधे गिटार कुरतडत राहते. एल्व्हिसने १९५६ मध्ये गायलं तेव्हा शब्द बदलले होते. पुरुष गेला, खराखुरा कुत्रा आणि ससा आला. गाणं मात्र जगभर पोचलं.

आता सन्मानांची वर्षं बघा. एल्व्हिस १९८६. लीबर आणि स्टोलर १९८७. बिग मामा थॉर्नटन २०२४! ती १९८४ मध्येच गेली होती. बरं, इतक्या उशिराही मुख्य कलाकारांच्या पंगतीत नाही, ‘प्रभाव’ म्हणून वेगळ्या पाटावर.

हे वेगळे पाट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो. एक समिती नावं सुचवते आणि हजाराहून जास्त मतदार त्यातून निवडतात. ‘प्रभाव’ आणि ‘सांगीतिक उत्कृष्टता’ हे सन्मान मात्र त्या मतदानाला जातच नाहीत. मतदार ऐकेनात की समिती या दाराने माणसं आत आणते. शीक या डिस्को बँडचं नाव ११ वेळा मतदानाला आलं आणि ११ वेळा पडलं. शेवटी २०१७ मध्ये एकट्या नाइल रॉजर्सला ‘उत्कृष्टते’खाली घेतलं. शीकच्या ‘गुड टाइम्स’ गाण्यातली ती बास गिटार वाजवणारा बर्नार्ड एडवर्ड्स तेव्हा बाहेरच राहिला. त्या बासवर रॅपची पहिली मोठी हिट उभी आहे, हे कोणाला सांगायचं!

क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचं तर हसूच येतं. २०२१ मध्ये त्यांना ‘आरंभीचा प्रभाव’ म्हणून घेतलं. त्याच यादीत त्यांच्या शेजारी ब्लूज गायक चार्ली पॅटन, जो १९३४ मध्ये वारला. क्राफ्टवर्कचा ‘ऑटोबान’ हा अल्बम १९७४ चा!

चाहत्यांच्या मताची किंमत किती? २०२० मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँड १० लाखांहून जास्त मतं मिळवून पहिला आला, पण त्या वर्षी निवड झाली नाही. कारण चाहत्यांची सगळी मतं मिळून एकच मतपत्रिका धरतात. बँड आत गेला २०२४ मध्ये.

मग ठरवतं कोण? हॉलच्या संस्थापकांपैकी एक यान वेनर, ‘रोलिंग स्टोन’ मासिकाचे. २०२३ मध्ये त्यांना विचारलं, तुमच्या मुलाखतींच्या पुस्तकात एकही स्त्री किंवा कृष्णवर्णीय कलाकार का नाही? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की त्या पातळीवर बोलणारं कोणी नव्हतं. मंडळाने लगोलग त्यांना काढलं. पण तोवर चाळीस वर्षं उलटली होती, आणि थॉर्नटनबाईंना इतका उशीर का झाला, हे मला तरी त्यानंतर कोड्यात टाकत नाही.

काही गोष्टींना मात्र असंही कारण सापडत नाही. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडला २०१६ मध्ये घेतलं. पहिला गायक रॉड इव्हान्स यादीत होता, पहिला बासवादक निक सिम्पर नव्हता. दोघं पहिल्या तिन्ही अल्बमवर आहेत आणि १९६९ मध्ये दोघांनाही बरोबरच नारळ मिळाला. हे मला अजून कोणीच विचारलेलं नाही.