मे महिन्याच्या सुट्टीत किसुमूजवळच्या शाळेत

मिशनच्या पथकाबरोबर केनियाला चालले आहे म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "म्हणजे बाई, तुम्ही तिकडे धर्मप्रचार करणार?" प्रश्न रास्तच होता. मी सांगितलं की २०१९ च्या जनगणनेप्रमाणे तिथले सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्तीच आहेत, प्रचार झालाच तर ते माझ्यावर करतील. मला जायचं होतं ते गणित शिकवायला.

मुंबईतल्या काही मराठी मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, मिळून हे पथक उभं केलं होतं. खर्च ज्याचा त्याने करायचा. निवडीच्या वेळी आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तिथल्या शिक्षिका सांगतील ते कराल, की तुम्हाला योग्य वाटेल ते?" इतकी वर्षं मराठी शाळेत फळ्यापुढे काढलेल्या बाईला हा प्रश्न जरा झोंबतो. पण पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरलं.

कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहिते, कारण जाऊ इच्छिणारे लोक मला हेच विचारतात. आधी संस्थेकडून परदेशी जाण्याचं ना हरकत पत्र. मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, कारण मुलांमध्ये काम करायचं म्हणजे यजमान मंडळीची तशी अट होती. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज वाचून विचारलं, "पगार किती देणार ते?" काहीच नाही, उलट तिकीट माझंच, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जास्तच बारकाईने पाहिलं.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन परवानगी सुरू केली. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता एवढं भरलं की ती मेलवर येते. मात्र ती भेट देण्यापुरती. शाळेत काम करायचं, मग बिनपगारी का असेना, तर वेगळा स्पेशल पास लागतो आणि तो तिथल्या संस्थेने काढायचा असतो. "टुरिस्ट म्हणून जा हो, कोण विचारतंय" असं सांगणारे भेटतात. पाहुण्याने यजमानाला अडचणीत आणायचं हे मला पटत नाही. आमच्या यजमानांनी पास काढले, त्याला वेळ लागला, आम्ही थांबलो.

थांबताना मला सारखी १८१३ सालची आठवण होत होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना राहू द्यायलाच तयार नव्हतं. परत जा म्हणून हुकूम निघाले होते. पुढे याच अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, नगर जिल्ह्यात खेडोपाडी शाळा काढल्या. माझे आजोबा त्यातल्याच एका शाळेत शिकले. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने गावात शाळा चालवली की काय होतं, हे आमच्या घराला उलट्या बाजूने ठाऊक आहे. आजोबा त्या शाळेचे ऋणी होते. पण साहेबाच्या प्रत्येक हुकमाला मान डोलवावी लागायची, हेही ते सांगायचे.

पीतज्वराच्या लसीबद्दल बहुतेकांचा घोटाळा होतो. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही. ते लागतं परत येताना, इथे मुंबई विमानतळावर. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवर, आधी वेळ घेऊनच मिळते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी, हिवतापाचा पट्टा. त्यामुळे डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीन दिली. ती रोज घ्यायची आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची.

आणि प्लास्टिक! केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. आईने चकल्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं नीट पिशव्यांमध्ये बांधून दिलं होतं. निघायच्या आदल्या रात्री ते स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या उशीच्या अभ्र्यांत गेलं.

नैरोबीहून किसुमूचा रस्ता लांबचा. केरिचोजवळ चहाचे मळे लागतात, मग सरोवराच्या बाजूला उतार. मेमध्ये त्यांचा मोठा पावसाळा चालू होता, शेवटचा टप्पा चिखलातून बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकलवर मागे बसून. भाडं एम-पेसाने. आपण यूपीआयची कौतुकं सांगतो, पण हे लोक २००७ पासून साध्या फोनवरून पैसे पाठवताहेत.

शाळा सरकारी, शिक्षकांचा पगार सरकारचा, चर्च तिची पुरस्कर्ती. आपल्या अनुदानित शाळांशी थोडंफार जुळणारं. २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाल्यावर तिथले वर्ग भरून वाहू लागले. पुढच्याच वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत दाखल झाले होते, ते केनियातच. आमच्या शाळेत चौथीचा वर्ग एवढा भरलेला की बाकांमधून चालताही येत नव्हतं.

पथकातल्या तरुणांना भिंती रंगवायच्या होत्या. त्यांनी मुंबईहून ब्रश आणले होते, भिंतीवर काढायच्या चित्राचा कागदही तयार होता. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, रंगाचं नंतर बघू, आधी छपराची पन्हळ बघा. पन्हळ मोडल्यामुळे पावसाचं पाणी टाकीत न जाता पटांगणात जात होतं, आणि मुलं पाणी आणायला लांब जात होती. पोरं जरा हिरमुसली, पण ठाकुर्लीचा एक फिटर आमच्यात होता, त्याने स्थानिक सुताराला हाताशी धरून काम हातात घेतलं. खरं तर त्यानेच सुताराच्या हाताखाली काम केलं.

माझ्याकडे चौथीचे अपूर्णांक आले. पहिल्या तासाला वर्ग गप्प. मला वाटलं, गणितच कच्चं आहे. वर्गशिक्षिका तास संपल्यावर म्हणाल्या, तिसरीपर्यंत ही मुलं बरंचसं धोलुओत, म्हणजे इथल्या बोलीभाषेत, शिकतात, चौथीपासून सगळं इंग्रजीत येतं. हे मला कुणी समजावायची गरजच नव्हती! आमच्या सेमी-इंग्रजीच्या वर्गात दर जूनला मी हेच बघते. मग आम्ही ठरवलं, बोलणार त्या, त्यांच्या भाषेत. मी फळ्यावर चित्रं काढणार, मागच्या बाकांवर बसून वह्या तपासणार. एका शुक्रवारी स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी चपात्या लाटल्या. तिकडे चपाती सणासुदीची. पाव, पाऊण, सहावा भाग असं करत वर्गाने त्या खाल्ल्या. रोजचं जेवण म्हणजे गिथेरी, मका आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ. मला आवडली, फक्त तिखट नसल्याने आईची चटणी कामी आली.

नियम कडक होते. मुलाबरोबर एकटं खोलीत थांबायचं नाही, कुणा एकाला भेटवस्तू नाही, चेहरे दिसतील असे फोटो व्हॉट्सॲपवर नाहीत. पथकातल्या काहींना हे जाचक वाटलं. मला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांबरोबर कुणी परका सेल्फी काढत सुटला असता तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

परतल्यावर मंडळीत अहवाल वाचायचा होता. मी स्पष्ट बोलले: पथक मोठं होतं. निम्म्या लोकांना निम्मा वेळ काम नव्हतं, आणि त्यांच्या तिकिटांच्या पैशात दुसरी टाकी सहज झाली असती. पुढच्या वर्षी शाळा ज्यांना बोलावेल तेवढेच जावेत, बाकीच्यांनी तिकिटाची रक्कम अर्पणात द्यावी. खजिनदारांनी मान हलवली. तरुण संघाला राग आला, त्यांचंही चुकत नाही. न जाता नुसते पैसे कोण देतो? विषय आता कमिटीपुढे आहे. मुख्याध्यापिकांची पुढची यादी मात्र येऊन पडली: एक टाकी, शब्दकोश आणि पाचवीसाठी दशांशाचे सराव कागद. कागद मी करून पाठवले, धोलुओतल्या सूचनांसाठी जागा रिकामी ठेवून.