डिस्क नवी, हब जुनाच

पुढच्या चाकातून बारीक, चिरका आवाज यायला लागला तेव्हाच कळलं, ब्रेकचे पॅड संपत आले. पॅडला एक पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजले की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड जिला दाबून धरतात त्या चकतीला, घासून ओरडते. ओरडण्यासाठीच दिलेली असते. तरी मी आणखी दोन आठवडे ढकलले. चाक काढलं तर पॅडवर जेमतेम दोन मिलिमीटर माल उरलेला.

डिस्क मात्र चालतील असं वाटलं. व्हर्नियर लावला तर जवळजवळ ३० मिलिमीटर, म्हणजे नवीच की! मग ध्यानात आलं, व्हर्नियरचे जबडे टेकले होते कडेच्या उंचवट्यावर, जिथे पॅड कधी पोचतच नाही. मायक्रोमीटरने आत मोजलं, २७.४. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २८. जोरात पळणाऱ्या गाडीत इथे दयामाया नको. वेग दुप्पट झाला की थांबवताना डिस्कने गिळायची उष्णता चौपट होते.

गाडी स्टँडवर घेतली. पॅडच्या पिना ठोकून काढल्या, पॅडना दाबणारे पिस्टन मागे ढकलले. ते मागे गेले की ब्रेक ऑईल वर टाकीत चढतं हे माहीत असूनही टाकी बघायची विसरलो. ऑईल ओघळलं, धावत जाऊन पाणी ओतलं म्हणून रंग वाचला. कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणारा भाग, तारेने वर बांधून ठेवला. होजवर, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळीवर, लोंबकळू द्यायचा नसतो.

खरा वेळ खाल्ला एका चिमुकल्या स्क्रूने. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, जागेवर राहावी एवढंच त्याचं काम, खरी पकड चाकाच्या बोल्टांची. पण गंजून असा बसला होता की डोकं गोल झालं आणि शेवटी ड्रिल मारावं लागलं. मग डिस्कच्या दोन भोकांच्या आट्यांत बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव फेरा पिळत गेलो. काही होत नाही, होत नाही, आणि अचानक ठाण्णकन डिस्क सुटली.

उजवा हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. डाव्या बाजूला येईतो अंधार पडला होता, पाठ बोलत होती. चिंधी फिरवली, नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं आणि बसवून टाकली. बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच, म्हणजे मोजून ठरलेल्या जोरानेच, कसले. गाडी हलवण्याआधी पेडल दाबलं, ते थेट तळाला. पिस्टन पॅडला टेकेपर्यंत पाच-सहा वेळा दाबावंच लागतं. हे विसरून कोणी गाडी बाहेर काढली असती तर, असा विचार करून पोटात गोळा आला. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारत वेग १०० वरून ३० वर, असं आठ वेळा, पूर्ण न थांबता. गरम पॅड एका जागी दाबून उभं राहिलं की डिस्कवर त्यांचा ठसा उमटतो. नंतर ब्रेकला न शिवता गाडी थंड होऊ दिली. ब्रेक झकास.

दोन हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरायला लागलं. जो तो म्हणे, डिस्क वाकडी झाली. मीही विक्रेत्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग डायल गेज लावला, फिरणारी डिस्क किती डगमगते ते तो दाखवतो. उजवीकडे ०.०३ मिलिमीटर डगमग, डावीकडे ०.११. डावी डिस्क काढली तर हबवर गंजाची नखाएवढी खपली, माझी वाट बघत असल्यासारखी. ती घासून काढली, तीच डिस्क परत लावली, गेज ०.०४ वर आला.

म्हणजे डिस्क सरळच होती. पण तिरकी फिरताना तिची उंच बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जात होती, ब्रेक न मारताही, आणि तिथेच झिजत होती. आता जाडीच कमी-जास्त झालेली. फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा, पण हाताला कळतो. जोडी पुन्हा नवी घेतली, पॅडही.

या वेळी डावा हब घासताना मुद्दाम घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.