आमची वाटचाल: पॅटर्न शॉप आणि एक वचनचिठ्ठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सागवानी पॅटर्नचं काम सुरू केलं. फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याला, साचा पाडायला आधी वस्तूचा नमुना म्हणजे पॅटर्न लागतो, तो आम्ही करून देतो. पुढे अॅल्युमिनियम आलं, पोकळ भागासाठीचे कोअर बॉक्स आले, संगणकावर चालणारं व्हीएमसी कटाई मशीन आलं. मशीनचं कर्ज, कारागिरांची पळवापळवी हे सगळ्यांनाच आहे, त्यावर लिहीत नाही. आमच्या धंद्याला खरं वळण लागलं ते उधारी वसूल करताना.

या धंद्यात उधारी चुकत नाही. कास्टिंग (ओतीव माल) पास झालं की बिल, बिलानंतर तीन महिने, मग 'पुढच्या सोमवारी'. 2012 साली एका जुन्या गिऱ्हाइकाकडे 2 लाख 60 हजार अडकले. माणूस तोंडाचा गोड. तगादा वाढला तेव्हा त्याने मुदत मागितली. वडील म्हणाले, "मुदत घ्या, पण लिहून द्या." मागणी करताच रक्कम बारा टक्के व्याजासह देईन, अशी वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) झाली. रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून आडवी सही घेतली. वडिलांचा हा हट्ट किती मोलाचा, ते पुढे वकिलांनी सांगितलं. इतर बहुतेक कागदांना मुद्रांक कमी पडला तर दंड भरून ते पुराव्यात घेता येतात. वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. तिकीट नसतं तर चिठ्ठी कोर्टात रद्दीच होती.

मागणी करताच देय असलेल्या चिठ्ठीवर दावा लावायची तीन वर्षांची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून धावते, आपण पैसे मागितले त्या दिवसापासून नाही. कितीतरी व्यापारी इथेच बुडतात. आमच्या गिऱ्हाइकाने मध्ये वीस हजार दिले, तेव्हा चिठ्ठीच्या पाठीवर 'या चिठ्ठीच्या पोटी वीस हजार दिले' असं त्याच्याच हातून लिहून, तारीख टाकून सही घेतली. तिथून नवी तीन वर्षं मिळाली.

2015 मध्ये नोटीस दिली, उत्तर आलं नाही. उद्यमनगरात जो तो सल्ला देई, "एकशे अडतीस लावा." ते कलम न वटलेल्या चेकसाठी, चिठ्ठीला फौजदारीची ती वाट नाही. वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा लावला. यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने दहा दिवसांत हजर व्हायचं आणि बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागायची. (आता तीन लाख व त्यावरचा व्यापारी वाद असेल तर, तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असल्यास, दाव्याआधी मध्यस्थी करावी लागते. आमच्या वेळी ते नव्हतं.)

त्याचं म्हणणं, सही कोऱ्या कागदावर घेतली. पण चिठ्ठी मोबदल्यापोटीच दिली असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. शिवाय पाठीमागची नोंद त्याच्याच अक्षरात. कोर्टाने बचावाची परवानगी दिली, पण निम्मी रक्कम आधी जमा करा या अटीवर. त्याने भरली नाही आणि हुकूमनामा आमच्या बाजूने झाला.

वडिलांना वाटलं, सुटलो. पण हुकूमनामा म्हणजे काही पैसे नव्हेत. त्यापुढे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, आणि माझ्या मते खरी दमछाक तिथेच आहे. बँक खात्यावर जप्ती आणली तर खातं रिकामं. शेडवर बँकेचा बोजा. मग आम्ही त्याचं येणं शोधलं. तो ज्या कंपनीला कास्टिंग पुरवत होता, तिच्याकडे त्याची बिलं बाकी होती. कोणाला माल जातो हे आम्हाला ठाऊक, कारण त्या मालाचे पॅटर्न आमचेच. कोर्टाने त्या कंपनीला नोटीस काढली आणि तिने रक्कम त्याला न देता कोर्टात भरली. व्याजासकट सगळं एकदम नाही आलं. उरलेलं त्याने हप्त्याने फेडलं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. कोर्टात गेलो म्हणून एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट दोघा-तिघांनी जुनी बिलं न मागता भागवली.

ती फाउंड्री आता त्याचा मुलगा बघतो. त्याचे पॅटर्न आजही आमच्याकडेच होतात, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन.