अल्बमचा प्रभाव कोठे शोधावा

‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी काढली, तेव्हा बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ पहिल्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये नव्याने मते मागवून तीच यादी पुन्हा केली गेली, तेव्हा तो २४ व्या क्रमांकावर गेला आणि पहिले स्थान अमेरिकी गायक मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला मिळाले. श्रेष्ठत्वाचा निवाडा पिढीगणिक बदलणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रभावाचे मात्र तसे नसते. एखादा अल्बम आल्यानंतर इतर वादकांनी, गायकांनी आणि ध्वनिमुद्रकांनी आपली कामाची रीत बदलली की नाही, हे तपासून पाहता येते, आणि समीक्षकांच्या याद्यांत मला रस आहे तो याच कारणासाठी.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारा अल्बम म्हणजे अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, अवघ्या दोन दिवसांच्या कामात तो ध्वनिमुद्रित झाला. त्याआधीच्या जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) इतक्या झरझर बदलत असत की उत्स्फूर्त वादन करणाऱ्याचे निम्मे लक्ष त्यांच्या मागे धावण्यातच खर्ची पडे. डेव्हिसने हे ओझे उतरवले. ‘सो व्हॉट’ ही त्यातली पहिली रचना नीट ऐकावी. सुरुवातीचा संथ तुकडा संपला की डबल बास एक छोटे वाक्य म्हणतो आणि बाकीची वाद्ये दोन कॉर्डमध्ये त्याला उत्तर देतात. मग सोळा बार (ठेक्याचे समान खंड) एकच स्वरसप्तक चालते, ज्याचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत. पुढचे आठ बार तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी येते. याला राग म्हणता येणार नाही, कारण त्यात चलन (स्वरांची ठरलेली चाल) नाही, वादी-संवादी (प्रमुख स्वर) नाहीत. तरीही एकाच स्वरसमूहात ठाण मांडून त्यातल्या जागा शोधत राहण्याची ही वृत्ती ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला ओळखीची वाटते. या अल्बममध्ये सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन पुढे पंडित रविशंकरांच्या संगीताकडे ओढला गेला आणि त्याने आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले, यात मला तरी नवल वाटत नाही.

‘सार्जंट पेपर्स’चे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. चार ट्रॅकच्या, म्हणजे चार ध्वनिपट्ट्या वेगवेगळ्या मुद्रित करणाऱ्या, यंत्रावर थर चढवत नेलेल्या त्या कामामुळे स्टुडिओ हेच एक वाद्य होऊ शकते, हे सर्वांना उमगले. त्याच वर्षी, १९६७ मध्ये, आलेला वेल्व्हेट अंडरग्राउंड हा अमेरिकी रॉक बँड आणि गायिका निको यांचा अल्बम तेव्हा अमेरिकेच्या विक्री-यादीत १७१ च्या वर चढला नाही, परंतु पुढच्या पिढीतील कितीतरी रॉक वादकांनी आपले मूळ त्याच्यातच असल्याचे सांगितले.

विक्री कमी असूनही प्रभाव पडू शकतो, असे यावरून दिसते खरे. पण त्यासाठी तबकडी योग्य हातांत पडावी लागते. आपल्या मुंबईतले चरणजित सिंग यांचे उदाहरण याबाबतीत मला फार अस्वस्थ करते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या या कलावंताने रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे जोडून भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने १९८३ च्या सुमारास ती तबकडी काढली. त्यांतले टीबी-३०३ हे यंत्र खरे तर बास गिटारच्या साथीची सोय म्हणून बनवलेले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय होती, तिच्यातून चरणजित सिंगांनी मींडेचा आभास निर्माण केला. याच यंत्रातून शिकागोच्या तरुणांनी १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ घडवले आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा संपूर्ण प्रकार जन्माला आला. मुंबईची तबकडी आधीची होती, पण ती शिकागोला पोचलीच नव्हती. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर समीक्षकांनी तिचा उदोउदो केला. तो योग्यच होता, तथापि आधी असणे आणि प्रभाव पाडणे या दोन गोष्टी त्या लेखनात सर्रास एक केल्या गेल्या. चरणजित सिंगांच्या प्रतिभेला त्या उसन्या श्रेयाची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

उलट, ज्याचा प्रभाव पावलोपावली दाखवता येतो असा आपला अल्बम ‘रोलिंग स्टोन’च्या त्या दोन्ही याद्यांत नाही. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’: शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी एचएमव्हीत अधिकारी होते आणि हा अल्बम त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला, हे मराठी रसिकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस सकाळच्या अहिरभैरवपासून सुरू होतो आणि पिलू, भूप, देस यांतून पहाडीपर्यंत जातो. संतुरात मींड नाही म्हणून ते शास्त्रीय वाद्यच नव्हे, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता, आणि गिटारलाही रागसंगीतात पाहुणी मानत. या तबकडीनंतर संतूर-बासरी ही जोडी मैफलीत रुळली, शिव-हरी या नावाने ती ‘सिलसिला’च्या संगीतापर्यंत पोचली, आणि एखादी कल्पना धरून रागांची मालिका गुंफणारे अल्बम एकामागून एक निघू लागले. संतूर आज आपल्याला परके वाटत नाही, यात या तबकडीचा वाटा फार मोठा आहे.

अशी यादी कोणी मुंबईत बसून केली, तर अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपीही तिच्यात हवी. अतिविलंबित (अतिशय संथ) झुमरा तालात स्वराला दिलेला तो अवकाश पुढे घराण्यांच्या सीमा ओलांडून कितीतरी गायकांच्या बढतीत (रागाच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या विस्तारात) उतरला, आणि तो त्यांच्या गाण्यातून आजही ऐकून दाखवता येतो.