विजय दिवस आणि काकूंची ट्रंक

दर वर्षी १६ डिसेंबरला आमचं माजी सैनिक मंडळ गावच्या शाळेत विजय दिवस, म्हणजे १९७१ च्या युद्धातल्या विजयाचा दिवस, साजरा करतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण हे सगळीकडे होतं तसंच. माझं लक्ष असतं ते त्यानंतर. शहिदांच्या घरची माणसं जपलेली एखादी वस्तू घेऊन येतात आणि चार शब्द बोलतात.

वरच्या आळीचे आप्पा कांस्याची जाड चकती आणतात. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या घरी इंग्रज सरकारनं ती पाठवली होती. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. सुभेदार असो की शिपाई, चकती सारखीच. आप्पांकडे ती देव्हाऱ्यात असते. खंडेनवमीला चिंचेनं घासून घासून नाव पार झिजलंय, तरी आप्पा पोरांना त्यावरून बोट फिरवायला लावतात. त्यांचे चुलत आजोबा १०३ मराठा पलटणीत, १९१६ साली इराकमधल्या कूतच्या वेढ्यात गेले. हीच पुढची जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातलं, आताच्या बांगलादेशातलं, जमालपूर घेतलं ते तिनंच.

आमच्या काकूंचे यजमान त्याच जमालपूरला पडले. तेव्हा देह घरी येत नसे. आधी तार आली, मागाहून काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर. आत मफलर, दाढीचं सामान आणि अर्धवट लिहिलेलं इनलँड पत्र. काकू ते उघडतात, पण बघत नाहीत, पाठच आहे. ‘तांबड्या बैलाचा खूर बरा झाला का? आंब्याला पाणी घालत जा.’ एवढंच. मग म्हणतात, ‘बैल बरा झाला होता. त्यांना कळवायचं राहिलं.’ हे दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी मला भरून येतं.

एक सल आहे. पाहुण्यांबरोबर फोटो निघाला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. काकूंचं बोलणं पाच मिनिटांचं असतं, तेवढं तरी थांबावं. गेल्या वर्षी तर पुढची रांग सगळी उठून गेली.

राबणाऱ्यांपैकी कुणी राहू नये म्हणून लिहितो: मुख्याध्यापिका बाई, बँड वाजवणारी आठवीची मुलं, माइकवाला भाऊ, पहाटे रांगोळी घालणाऱ्या बचत गटाच्या ताया, चहा बघणारे नाना, दोन्ही शिपाई मामा, सतरंज्या देणारे देवळातले गुरव, आणि काकूंची ट्रंक रिक्षातून उचलून आणणारा त्यांचा नातू. रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत, तेही नोंदवून ठेवतो.