पायापुरती वाट

पुण्याचे ट्रेकर मित्र इकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे डोंगर कुठेत?" आणि उत्तर देताना मला जरा संकोचच वाटतो, कारण दक्षिण इंग्लंडमधे ज्याला हिल म्हणतात ते बघून दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस हसणारच. सरेमधे लीथ हिल म्हणून एक टेकडी आहे, त्या परगण्यातली सगळ्यात उंच, २९४ मीटर. म्हणजे हजार फुटाला थोडी कमी पडत होती. तर रिचर्ड हल नावाच्या गृहस्थांना ते काही सहन होईना, त्यांनी १७६५ च्या सुमारास तिच्या डोक्यावर एक मनोरा बांधून घेतला, की निदान वरून तरी हजार फूट भरू देत, आणि मेल्यावर स्वतःला पुरून पण तिथेच घेतलं. मनोरा अजून आहे, लोक धापा टाकत वर जातात, फोटो काढतात. हे ऐकून आमचा एक मित्र म्हणाला, अरे पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, मग आम्ही काय रोज ऑफिसातून घरी येताना समिट करतो का!

हसा. मी पण हसले होते. अख्ख्या इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६, त्यामुळे उंचीच्या बाबतीत वाद घालण्यात काही अर्थच नाही. पण सह्याद्रीत आपण काहीतरी गाठायला जातो, गड, माची, सुळका, निदान वरच्या टाक्याचं पाणी. इथे गाठायला फारसं काही नसतंच. इथे असते ती वाट, आणि मला विचाराल तर या देशातली बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा उघडा, १:२५,००० चा. त्यावर हिरव्या तुटक रेघांचं जाळंच दिसतं, शेतांतून, कुणाच्या तरी परसामागून, चर्चच्या कबरींमधून, गोल्फ कोर्सच्या मधोमध. या सगळ्या पब्लिक फुटपाथ. आपण फुटपाथ म्हणतो तो रस्त्याकडेचा नव्हे, ही पायवाट, आणि तिच्यावरून चालायचा हक्क कायद्याने तुमचा. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. शेतकऱ्याने नांगरणी केली तर वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची जबाबदारी त्याची, पेरणीसाठी नांगरलं असेल तर १४ दिवसांच्या आत. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं बिनदिक्कत, उघडपणे, कोणाची परवानगी न विचारता चालत आले आणि मालकाने कधी अडवलं नाही तर ती वाट सार्वजनिक धरली जाते. वाटेवरच्या शेतात वळू सोडायचा की नाही याचा पण नियम आहे, म्हणजे दहा महिन्यांच्या वरचा दुभत्या जातीचा वळू चालत नाही, बाकी जातींचा वळू गाईंबरोबर असेल तर चालतो. आता समोरून येणारा वळू कुठल्या जातीचा हे लांबून कसं ओळखायचं हे मात्र कायद्याने सांगितलेलं नाही.

खांबावर पिवळा बाण असेल तर फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकल पण चालते. एवढं कळलं की झालं, बाकी कोणाला विचारायला लागत नाही. आणि विचारायचं म्हटलं तर माणूस दिसायला हवा ना. आपल्याकडे वाट चुकली की कुठूनतरी गुरं राखणारे मामा उगवतात आणि "हितनं सरळ जावा" म्हणतात आणि ते सरळ म्हणजे नेमकं कुठे हे देवालाच ठाऊक. इथे भेटतात ते कुत्रा फिरवणारे आजी-आजोबा, ते "मॉर्निंग" म्हणतात, हवेबद्दल एक वाक्य बोलतात आणि पुढे जातात. कुत्र्याशी मात्र तुम्ही पाच मिनिटं बोललात तरी चालतं.

हिरव्या रेघेची ताकद बघायची असेल तर चिल्टर्न टेकड्यांत जा. रिजवे म्हणून ८७ मैलांची जुनी वाट आहे, ती वेंडोव्हरच्या जवळ चेकर्सच्या आवारातून जाते. चेकर्स म्हणजे पंतप्रधानांचं खेड्यातलं घर. आणि ही वाट चक्क त्यांच्या गेटकडे जाणारा खासगी रस्ता ओलांडते. दोन्ही बाजूंना पाट्या, कॅमेरे, वाट सोडून आत पाऊल टाकलंत तर गुन्हा, पण वाटेवर आहात तोवर चिखलाने भरलेले बूट घेऊन निवांत चाला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी उगाचच ओढणी नीट केली होती. आपल्याकडच्या कुठल्या मंत्र्याच्या बंगल्यासमोरून असं चिवडा खात जाता येईल का याचा विचार मनात येतोच, तो मी तिथेच सोडून दिला.

हे सगळं सरकारने प्रेमाने दिलेलं नाही पण. २४ एप्रिल १९३२ ला पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटच्या माळावर काही शे लोक, बरेचसे मँचेस्टरकडचे कामगार पोरंपोरी, मुद्दाम घुसले. माळ सरदाराचा, ग्राउज नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला, बाकीच्यांना बंदी. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. वाचताना मला आपला चिरनेरचा जंगल सत्याग्रह आठवला, तो सप्टेंबर १९३० चा. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि बरोबरी तर मुळीच नाही, कारण चिरनेरला गोळ्या चालल्या आणि माणसं मेली, आणि तिथला प्रश्न रविवारच्या फिरण्याचा नव्हता, सरपणाचा आणि पोटाचा होता. पण राज्य करणारे तेच होते आणि "रानात पाय ठेवायचा नाही" हे सांगण्याची पद्धत पण साधारण तीच. इथे पुढे १९४९ मधे नॅशनल पार्कचा आणि पायवाटांच्या नोंदीचा कायदा झाला, आणि २००० च्या कायद्याने बऱ्याचशा माळरानांवर मोकळं फिरायचा हक्क मिळाला.

आता जंगलाबद्दल. आम्ही स्लाऊच्या बाजूला राहतो. स्लाऊ म्हटलं की लोकांना विमानतळाजवळची गोदामं आणि देशी किराणा दुकानं आठवतात, ते बरोबरच आहे, पण तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर बर्नहॅम बीचेस आहे आणि तिथल्यासारखी झाडं मी कुठेच बघितली नाहीत. बीच हे झाड एरवी सरळसोट, राखाडी, गुळगुळीत सालीचं. इथली मात्र बुटकी, पोट सुटलेली, आतून पोकळ, आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एकदम दहा-बारा जाड फांद्या फुटलेल्या. हे निसर्गाने केलेलं नाही. पूर्वी गावकरी जळणासाठी फांद्या छाटायचे, पण बुंध्यापासून नाही, गुरांचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर, म्हणजे नवे फुटवे गुरं खाणार नाहीत. काही वर्षांनी परत छाटणी. याला पोलार्ड म्हणतात. गंमत अशी की ज्या झाडाला असं वर्षानुवर्षं छाटलं तेच जास्त जगलं, एरवी बीच दोन-अडीचशे वर्षांत आटपतं, इथली काही चारशेच्या पुढे गेलीत. मग कोळसा आला, लाकडाची गरज संपली, छाटणी थांबली, आणि फांद्या इतक्या जड झाल्या की त्यांच्याच वजनाने झाडं मधोमध फाटायला लागली. म्हणून आता माणसं नेमून, शिडी-दोऱ्या लावून, दर काही वर्षांनी थोडं थोडं ओझं कमी करतात. एकदम छाटलं तर म्हातारं झाड तो धक्का सोसत नाही.

१८८० मधे ही जमीन बंगल्यांसाठी जायच्या बेतात होती तेव्हा लंडनच्या नगरपालिकेने, म्हणजे सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने, ती विकत घेतली, लोकांना फिरायला कायमची मोकळी ठेवायची म्हणून. लंडनच्या हद्दीच्या कितीतरी बाहेर. आजही तीच बघतात. गुरं परत आणलीत, कारण चरणाऱ्या गुरांशिवाय मधली माळं झुडपांनी भरून जातात, आणि गंमत म्हणजे कुंपण नाही, गाईच्या गळ्यात पट्टा असतो, हद्दीजवळ आली की तो वाजतो, तरी पुढे गेली तर हलकासा झटका. शहाणी गाय नुसत्या आवाजाने वळते. आमच्या शेजारच्या काकूंचं म्हणणं, हे मुलांसाठी पण मिळालं पाहिजे.

इथली लँडमार्क म्हणजे अशीच असतात, एखादं झाड. नकाशावर झाडाला नाव. बर्नहॅमचा ड्रुइड्स ओक आठशे वर्षांचा म्हणतात. रेझबरीजवळ थेम्सच्या काठी अँकरवाइक यू आहे, यू जातीचं झाड, त्याच्या वयाचा अंदाज चौदाशेपासून अडीच हजार वर्षांपर्यंत जातो, नक्की सांगता येत नाही कारण यू आतून पोकळ होत जातं आणि मोजायला वलयंच उरत नाहीत. नदीपलीकडच्या रनीमीडच्या कुरणात १२१५ मधे मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या सत्तेला वेसण घालणाऱ्या सनदेवर, राजाने मोहोर उठवली तेव्हा हे झाड तिथे होतंच. आत्ता त्याच्यावरून हीथ्रोची विमानं जातात, आईबाबांच्या विमानाची वेळ असली आणि ते लेट असलं तर मी तिकडे चक्कर मारून येते, पार्किंगचे पैसे तरी वाचतात.

झाडाला नाव दिलं की त्याचं जाणं पण बातमी होते. हॅड्रियनच्या रोमन काळातल्या भिंतीजवळच्या खिंडीत एक एकटंच सिकमोर होतं, सिकमोर गॅप, २०२३ च्या सप्टेंबरमधे दोघांनी रात्रीत करवतीने पाडलं. दोघांना सव्वाचार वर्षांची कैद झाली. ते झाड फार जुनं पण नव्हतं, पण आमच्या ऑफिसातल्या, एरवी क्रिकेट हरल्यावरही चेहरा न हलवणाऱ्या माणसाने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणाशी बोलणंच टाळलं. बुंध्याला नंतर कोंब आलेत.

फिरायला कधी जावं म्हणाल तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. बीचची पालवी पूर्ण फुटून वरून सावली धरायच्या आत खाली ब्लूबेल्स ही रानफुलं उरकून घेतात, उन्हाची तेवढीच खिडकी असते, आणि मग जमीनच निळी-जांभळी दिसते. फोटोत कधीच तो रंग येत नाही, तरी सगळे काढतात. काढा, पण वाटेवर उभं राहून. पानं एकदा तुडवली गेली की कंदाला अन्नच मिळत नाही आणि तो पट्टा कित्येक वर्षं सावरत नाही. ॲशरिजच्या डॉकी वुड नावाच्या रानात याच गर्दीमुळे सीझनला वीकएंडची फी ठेवावी लागली. मुलीला साडी नेसवून फुलांत बसवणारी एक आपली फॅमिली तिथे बघितली आणि मी चटकन हिंदी येत नसल्यासारखी पुढे गेले.

त्याच दिवसांत ओलसर जागी रानलसूण येतो. आख्खं रान फोडणीच्या वासाचं. पानं चटणीला उत्तम, दाणे आणि लिंबू घालून वाटा, फक्त चुरगळून वास घेतल्याशिवाय तोडू नका कारण शेजारीच त्यासारखी दिसणारी विषारी पानं असतात. मशरूमच्या नादाला तर अजिबात लागू नका, बर्नहॅममधे ते तोडायला बंदीच आहे.

आणि गावाची आठवण यायला इथे वेगळे कष्ट पडत नाहीत. थेम्सच्या खोऱ्यात हिरवे पोपट आहेत, आपलेच, कंठवाले, पिंजऱ्यातून सुटून माजलेले, सकाळी चर्चच्या घंटेच्या वर आवाज काढतात. संध्याकाळी रानात कुत्रं भुंकल्यासारखा एकच आवाज थांबून थांबून येतो, ते मुंटजॅक, आपल्या भेकराचं चिनी चुलत भावंड, गेल्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या सरदाराच्या बागेतून सुटलेलं. यावर कोणी परदेशस्थांचं रूपक करू नये, ते पोपट पेरूऐवजी सफरचंद खातात एवढाच मुद्दा.

तिसरा पाहुणा हिमालयन बालसम, १८३९ मधे बागेसाठी आणलेला तेरडा. आपल्या तेरड्याचा रंग तीन दिवस, हा आख्खा उन्हाळा फुलतो, माणसापेक्षा उंच होतो, बोंड पिकलं की फट्कन फुटून बिया लांब उडतात आणि ओढ्याकाठचं बाकी सगळं दबून मरतं. म्हणून जुलै-ऑगस्टमधे गावोगावी स्वयंसेवक तो उपटायला जमतात. मुळं वरच्यावर असतात, हिसका दिला की निघतो. आम्ही पण जातो. मागे आमच्या वहिनी बरोबर होत्या, त्या मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांच्याकडे गौर तेरड्याचीच. उपटलेला ढीग बघून त्यांना राहवेना, त्यांनी ग्रुपच्या आजोबांना विचारलंच, यातली एक जुडी घरी पूजेला नेली तर चालेल का. आजोबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, गौर म्हणजे काय, ती माहेरी का येते, आणि मग म्हणाले, सॉरी, पण बोंडं धरलीत, रस्त्याने बिया सांडतील. वहिनींनी त्या वर्षी मुखवट्याची गौर बसवली आणि आजोबांना नैवेद्याचे घावन पोचवले, त्यांनी ते मार्मलेड लावून खाल्ले म्हणे.