आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान आणि माझी फजिती

तर झालं असं की घरापासून चालत पाच मिनिटांवर एक बारकंसं जपानी सुशीचं हॉटेल आहे आणि मी वर्षभर नुसतीच त्याच्या दारावरून ये-जा करत होते. आत गेल्यावर काय मागायचं, कसं मागायचं काहीच माहीत नाही, मग कशाला जा. आत फक्त आठ खुर्च्या, एक लांब लाकडी काउंटर, त्यापलीकडे सत्तरीतले एक जपानी काका आणि चहा नि हिशेब सांभाळणाऱ्या काकू, बास एवढाच कारभार. दारावर निळा कापडी पडदा असतो, नोरेन म्हणतात त्याला, तो बाहेर टांगलेला दिसला की दुकान चालू आणि आत घेतला की बंद. शेवटी एका मैत्रिणीने अक्षरशः हाताला धरून आत नेलं.

आणि मी आत गेल्या गेल्या हात दाखवून अवलक्षण केलं. माझी सुशी तोवर सुपरमार्केटच्या डब्यातली किंवा ज्या हॉटेलांत बशा फिरत्या पट्ट्यावरून समोर येतात तिथली, म्हणजे बशीत सोया सॉस ओतायचा, वासाबीचा (ती नाकात जाणारी झणझणीत हिरवी जपानी चटणी) गोळा त्यात कालवायचा आणि बुडवून खायचं. इथे वासाबी वेगळी दिलीच नव्हती, मी मागून घेतली (काकांची एक भुवई किंचित वर गेली, तेव्हा लक्षात यायला हवं होतं), छानपैकी हिरवा चिखल केला, त्यात निगिरी (हाताने वळलेला भाताचा घास आणि वर माशाचा काप) भाताच्या बाजूने बुडवली आणि उचलली तर भात बशीत, मासा चॉपस्टिकमध्ये आणि मी मधल्या मध्ये. काका काही बोलले नाहीत. काकूंनी येऊन बशी उचलली, नवीन ठेवली. पुढची निगिरी आली तिच्यावर काकांनी स्वतःच ब्रशने सॉसचा एक हात फिरवला होता आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, हाताने खा, सॉस नको. नंतर कळलं की या सॉसला निकिरी म्हणतात, सोया सॉस थोडी साके (तांदळाची जपानी दारू) वगैरे घालून उकळून केलेला, आणि वासाबी त्यांनी मासा आणि भाताच्या मध्ये आधीच लावलेली असते. म्हणजे मी डबल वासाबी खात होते! नाकातून धूर निघत होता तो उगाच नाही.

भात सुटला तेव्हा मला वाटलं होतं यांना नीट दाबता येत नाही की काय. तर उलटं आहे. भात हातात धरण्यापुरताच दाबायचा, आत हवा राहिली पाहिजे, तोंडात गेला की दाणा दाणा मोकळा झाला पाहिजे, आणि तो अंगाच्या तापमानाइतका कोमट असला पाहिजे, फ्रीजमधला गार भात म्हणजे सुशीची वाट. म्हणून तर ती ठेवल्या ठेवल्या खायची असते आणि मी मात्र पहिल्या तीन पीसचे आरामात फोटो काढत बसलेले. बुडवायचंच असेल तर उलटी करून माशाची कड टेकवायची, कारण भात सॉस स्पंजसारखा पितो आणि विरघळतो.

भाताला ते लोक म्हणतात शारी आणि वरच्या माशाला म्हणतात नेता (हसू नका, खरंच). म्हणजे सगळा मानपान नेता घेऊन जातो आणि खालचं काम बिचारा भात करतो. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हेच, तो शब्दच मुळात आंबटपणावरून आलाय. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा भातात महिनोन् महिने आंबवत ठेवायचा, भात आंबला की मासा टिकायचा, आणि खाताना तो भात चक्क फेकून द्यायचे! जपानमधल्या बिवा तलावाकाठी फुनाझुशी नावाची सुशी अजून तशीच मुरवतात. मग पुढे कोणाला तरी वाटलं असणार की एवढा वेळ कोण थांबणार, भातात सरळ व्हिनेगर घाला. हाताने वळलेली निगिरी १८२० च्या दशकातली, एदोची म्हणजे आजच्या टोकियोची, श्रेय बहुतेकदा हानाया योहेई नावाच्या माणसाला देतात. गाडीवर उभ्या उभ्या खायची वस्तू होती ती, आणि एकेक पीस आताच्या दुप्पट-तिप्पट मोठा. आपण जिला इतकं सोवळ्यात ठेवलंय ती सुशी घाईतल्या लोकांचा नाश्ता होती, हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं.

त्यात फ्रीज नसल्यामुळे मासा मीठ, व्हिनेगर, सोया सॉस लावून ठेवणं हीच खरी कारागिरी होती. काकांकडे कोहादा असतो, छोटासा चंदेरी मासा, आधी मीठ मग व्हिनेगर. किती वेळ ठेवायचा ते माशाच्या जाडीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर. दिसायला अगदी साधा, पण पहिल्या घासात खारट, मग आंबट, मग एकदम गोडसर भात येतो. माझ्या मते इथला सगळ्यात भारी पीस तोच, मैत्रिणीला पटत नाही, ती तोरोवाली, टुनाच्या पोटाचा तुपकट भाग. गंमत म्हणजे तोरोला एकेकाळी कोणी विचारत नव्हतं, चरबीमुळे लगेच खराब व्हायचा.

मी सामनही मागितला होता. काका म्हणाले, नाही. बास, एवढंच. नंतर वाचलं की जपानमध्ये सामन पूर्वी कच्चा खातच नसत, परजीवींच्या भीतीने, आणि तो सुशीवर चढला १९८० च्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी आपला पाळलेला मासा विकायला खटपट केली त्यानंतर. काका जुन्या वळणाचे आहेत. फिरत्या पट्ट्याला मी नावं ठेवत नाहीये हां, तोही १९५८ मध्ये ओसाकात सुरू झालेला अस्सल जपानी प्रकार आहे, पण तिथे तुमच्याकडे कोणी बघत नाही.

इथे बघतात. मी डावखुरी आहे. घरी येऊन फोटो बघत होते तर पहिले दोन पीस मैत्रिणीच्या आणि माझ्या पुढ्यात एकाच बाजूला तिरके ठेवलेले आणि तिसऱ्यापासून माझे सगळे उलट्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताला सोपे. मी काही सांगितलं नव्हतं. त्या बशीच्या तमाशात मी कुठला हात वापरतेय एवढं मात्र काकांनी बरोबर टिपलं होतं. पुढच्या खेपेला मी मोबाईल पुढे करून कौतुकाने विचारलं, हे तुम्ही मुद्दाम केलं ना? काकांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या समोरच्या निगिरीकडे बोट केलं आणि म्हणाले, खा आधी, भात गार होतोय.